हेंदरेचं तोंड

"खोटं लिहिलंय तुम्ही. आणि एकदा लिहून भागलं नाही म्हणून दोन्ही भाषांत लिहिलंय."

टेगवेन प्यू हे बोलली तेव्हा ट्रेहार्नसाहेबांचं ड्रिल भिंतीला टेकलं होतं, फिरायला लागलं नव्हतं. पाटी खाली बाकावर उभी करून ठेवली होती. वर वेल्श, खाली इंग्रजी, कोपऱ्यात ट्रेहार्नांच्या ऑफिसचं, म्हणजे जुन्या वास्तू सांभाळणाऱ्या सरकारी खात्याचं, चिन्ह. रविवारी बिशप येणार, फडकं ओढणार आणि सगळे टाळ्या वाजवणार, असं ठरलं होतं.

टेगवेनच्या अंगावर सफाईचा निळा एप्रन होता. चष्मा नाकावर सरकवून तिनं पाटी पुन्हा वाचली, या वेळी मोठ्यानं, शाळेतल्या पोरांना जेवायची यादी वाचून दाखवायची त्याच आवाजात.

"'बाराव्या शतकातील या बाप्तिस्मा-कुंडावरील आठ मुखांपैकी सात मुखे स्थानिक सफाई करणाऱ्या महिलेने अजाणतेपणी केलेल्या घासकामामुळे नष्ट झाली. आठवे मुख भिंतीकडे असल्याने, व तिचा हात तेथवर न पोचल्याने, सुदैवाने बचावले.' हे असं लिहिलंय."

"त्यात तुमचं नाव नाहीये, मिसेस प्यू," ट्रेहार्न हळू आवाजात म्हणाले. माणूस वाईट नव्हता. चाळिशीचा, नीट दाढी राखलेला, चिखलाचे बूट दारात काढून मोज्यांवर आत आलेला.

"लानदेर्वेनमध्ये चर्च झाडणाऱ्या बायका किती आहेत, साहेब? सेहेचाळीस वर्षं मी एकटी झाडतेय. नाव कशाला लागतंय? कुरणातली मेंढरंसुद्धा सांगतील कोण ते."

पाळकबाई मेरेरिड मधल्या वाटेत उभ्या होत्या. त्यांच्याकडे नऊ चर्च. त्यामुळे त्या कुठंही उभ्या असल्या तरी निघायच्या घाईतच उभ्या असत. "टेगवेन, आपण आधी चहा घेऊ या का?" त्या म्हणाल्या.

"चहा मी देते सगळ्यांना. आधी हे."

ही टेगवेन कोण, ते सांगायला हवं, कारण पाटीवर ते नाही. एकतीस वर्षं ती गावच्या शाळेत स्वयंपाकीण होती. चाळीस पोरांचा रस्सा, बटाटे, शनिवार-रविवार सोडून रोज. शाळा बंद झाली. नवरा एमलिन गेला. मुलगी कार्डिफला. चर्चची किल्ली मात्र तिच्याकडे राहिली, कारण ती दुसऱ्या कुणाला नकोच होती. गुरुवारी सकाळी येऊन झाडायचं, वटवाघळांची घाण पुसायची, फुलांचं पाणी बदलायचं. पगार नाही. कुणी विचारलं तर म्हणायची, घरी एकटीनं बसण्यापेक्षा इथं एकटीनं काम केलेलं बरं.

आणि कुंड. दाराशी, मागच्या भिंतीला जवळजवळ चिकटून उभं असलेलं, मऊ तांबूस दगडाचं, गोल. भोवती आठ तोंडं. कुणी कोरली, कुणाची कोरली, देवाला ठाऊक. विद्वान येत, कुणी म्हणे हे प्रेषित, कुणी म्हणे ही पापं. गावाला त्याची कधी फिकीर नव्हती. गावात आठ वाड्या होत्या आणि प्रत्येक वाडीचं एक तोंड होतं, इतकं साधं ते होतं. टिनकोएडच्या तोंडाची जीभ बाहेर, आणि टिनकोएडची माणसं तशीच, सगळ्या जगाला जीभ दाखवणारी. पेनराल्टच्या तोंडाची हनुवटी चिरलेली. टेगवेन पेनराल्टची. तिच्या बापाची हनुवटी तशी होती आणि तिच्या मुलीचीही आहे.

मूल बाप्तिस्म्याला आणलं की पाळक पाणी घालायच्या आधी मुलाची धर्ममाता ओल्या बोटानं वाडीच्या तोंडाचं कपाळ पुसायची. आधी दगडातल्या थोरल्याचं, मग हातातल्या धाकट्याचं. पाळक दुसरीकडे बघत. आणि ईस्टरच्या आदल्या आठवड्यात प्रत्येक वाडीचं माणूस बादलीत चुना कालवून आणायचं आणि आपापल्या तोंडाला एक हात द्यायचं. आपल्याच. शेजाऱ्याच्या तोंडाला त्याला विचारल्याशिवाय बोटही लावायचं नाही. एखादी वाडी ओस पडली तर तिचे नातेवाईक लिव्हरपूलला असोत की कॅनडात, त्यांना पत्र घालून परवानगी मागायची आणि मग शेजाऱ्यानं चुना द्यायचा. आठशे वर्षांचे चुन्याचे थर. तोंडं जाड, गुबगुबीत, पिठात लोळून आल्यासारखी दिसत. पण होती.

एकोणीसशे शहाऐंशीच्या जानेवारीत ऑफिसचं पत्र आलं.

जाड कागद, वर चिन्ह. अज्ञानी परंपरेनं झाकलेला मूळ दगड मोकळा करावा. चुना तारेच्या ब्रशानं आणि सौम्य आम्लानं पूर्ण काढावा. त्यानंतर सोबत पाठवत असलेल्या पारदर्शक रोगणाचे तीन हात द्यावेत. माणूस पाठवता येणार नाही, काम स्थानिक पातळीवर करून घ्यावं. रोगणाचे दोन डबे बसनं आले.

तेव्हाचे पाळक म्हातारे होते. ते म्हणाले, "टेगवेन, तुझा हात चांगला आहे."

हात चांगला होता म्हणूनच तर घात झाला. तिनं ते काम टाळलं नाही, उरकलं नाही. तेव्हा ती एकोणचाळीसची होती. शाळेतून सुटली की चर्चमध्ये यायची, गुडघ्याखाली पोतं घ्यायची आणि घासायची. पण त्याच्या आधी एक गोष्ट तिनं केली, जी पाटीवर नाही. पत्र पर्समध्ये घालून ती आठही वाड्यांवर गेली. कुणाचं तोंड कुणाला न विचारता कसं घासायचं?

सात वाड्यांनी हो म्हटलं. ऑफिसच्या कागदाला नाही म्हणायची कुणाला सवय नव्हती. पेनराल्टवर तिची आई म्हणाली, "शिकलेली माणसं आहेत, काही विचार करूनच लिहिलं असेल."

आठवी वाडी हेंदरे. हेंदरेचं तोंड भिंतीकडे होतं. भिंत आणि कुंड यांच्यामध्ये जेमतेम एक हात जाईल एवढी फट. त्या तोंडाचं काय दिसतं हे हेंदरेच्या माणसांनाच ठाऊक, तेही बोटांना. इडवाल हेंदरे सत्तरीचा होता, लांब हातांचा, भिंतीसारखा माणूस. स्वयंपाकघरात बसून तो मेंढीच्या खुराचा चाकू परजत होता.

"काय गं, आज हात हलवत आलीस? मनुकांचा पाव कुठंय?"

"पाव नाही काका, पत्र आणलंय."

तिनं वाचून दाखवलं. तो ऐकत राहिला. चाकू थांबला नाही.

"ह्या साहेबानं माझं तोंड बघितलंय का कधी?"

"कुठलं तोंड?"

"चर्चमधलं. आणि हेसुद्धा."

"नाही, काका."

"मग त्याला लिही, इथं ये, चहा घे, आणि मला तोंडावर विचार. मग बघू. तोवर माझ्या तोंडाला हात लावायचा नाही."

चुलीपाशी उभी असलेली त्याची बायको म्हणाली, "ह्याचं हे तोंडसुद्धा ख्रिसमसनंतर धुतलेलं नाही, टेगवेन. त्याचं काय घेऊन बसलीस."

तिघंही हसले. पण टेगवेन घरी गेली आणि तिनं खरोखरच ऑफिसला लिहिलं: सात तोंडं घासते आहे, आठव्याच्या मालकानं परवानगी दिलेली नाही, कृपया कुणीतरी येऊन त्यांना विचारावं. पत्राची नक्कल तिनं ऑफिसच्या पत्राला टाचून चर्चच्या कपाटात ठेवली. घरी नाही ठेवली. चर्चचा कागद चर्चमध्ये राहायला हवा. असली प्रामाणिक माणसं असली की ऑफिसचं काम किती सोपं होतं, नाही?

कुणी आलं नाही. दोन वर्षांनी एक तपासनीस आला, मोटारीतून उतरला, दारातून कुंडाकडे बघितलं, 'काम पूर्ण' असं लिहिलं आणि पाऊस यायच्या आत निघून गेला. कुंडाच्या मागे जायला त्याला चार पावलं चालावी लागली असती.

आणि दर ईस्टरला इडवाल छोटी बादली घेऊन यायचा, भिंतीला गाल टेकवायचा, लांब हात फटीत घालायचा आणि चाचपून आपल्या तोंडाला चुना द्यायचा. गावात टवाळी चालायची. सात नागडे आणि एक सदऱ्यातला, म्हणायचे. इडवाल म्हणायचा, "थंडी कुणाला वाजते ते बघू."

सातांना वाजली. पहिली काही वर्षं दगड सुंदर दिसला, हे टेगवेन कधी नाकारत नाही. तांबूस, चकचकीत. लोक फोटो काढायला येत. मग ओल जमिनीतून वर चढत राहिली आणि रोगणानं तिला बाहेर पडू दिलं नाही. टेगवेनला हे कुठल्या विद्वानानं सांगायला नको होतं. गच्च झाकण लावलेल्या पातेल्यात वाफ कुठं जाते? दगडाच्या कातडीखाली ती साठत गेली. हिवाळ्यात गोठायची, फुगायची. आधी टिनकोएडची जीभ गेली. मग डोळे, नाकं. झाडताना दर गुरुवारी केरात तांबडी भुकटी.

एका फेब्रुवारीत सकाळी दार उघडलं तर पेनराल्टचं तोंड खाली फरशीवर पडलेलं. अख्खं. पावाच्या कडेसारखी एकच पातळ खपली, वर नाक, ओठ, चिरलेली हनुवटी. टेगवेननं ती दोन्ही हातांनी उचलली आणि ती बोटांतून वाळू होऊन खाली गेली. तिला ती सुपलीत भरवेना. एप्रनच्या ओच्यात घेऊन ती बाहेर गेली आणि आईच्या थडग्यावर ओतून आली. मग परत येऊन राहिलेली फरशी झाडली, कारण अकरा वाजता लग्न होतं.

या सगळ्याबद्दल तिनं ऑफिसला तीनदा लिहिलं. उत्तर एकदाच आलं. नोंद घेतली आहे.

या वर्षी वसंतात ऑफिसनं कुंड उचललं. खाली ओल-प्रतिबंधक थर घालायचा होता, तेहतीस वर्षांनी सुचलेला. साखळीनं कुंड भिंतीपासून पुढं ओढलं आणि हेंदरेचं तोंड पहिल्यांदा उजेडात आलं. ट्रेहार्ननी लाकडी पट्टीनं चुन्याचे थर हलके हलके उकलले आणि खाली बघून जमिनीवरच बसले. पापण्या होत्या. एकेक वेगळी कोरलेली. ओठावर लाल रंगाचा माग होता. कानात एक बारीकसं भोक होतं. आठशे वर्षांपूर्वी कुणीतरी छिन्नी ठेवली आणि हात पुसले, तसं.

वर्तमानपत्रात आलं. टीव्हीवर आलं. मग अहवाल आला, आणि अहवालातून ही पाटी.

"मिसेस प्यू," ट्रेहार्न म्हणाले, "मी तुमच्या म्हणण्यावर अविश्वास दाखवत नाहीये. पण शहाऐंशीचं असं कुठलंच पत्र आमच्या दप्तरात नाही. मी स्वतः शोधलं."

"ते इथल्या कपाटात होतं. माझ्या पत्राच्या नकलेला टाचलेलं."

"कपाटातले सगळे कागद सत्त्याण्णवमध्ये सुरक्षित ठेवण्यासाठी आमच्याकडे हलवले होते."

"मग ते सुरक्षित आहेत ना?"

ट्रेहार्ननी ड्रिल दुसऱ्या हातात घेतलं. पाळकबाईंनी घड्याळाकडे बघायचं टाळलं, आणि ते टाळताना सगळ्यांना दिसलं.

दारात बूट वाजले. गेथिन हेंदरे आला होता, इडवालचा मुलगा. पन्नाशीचा, बापाचेच लांब हात, बापाची जीभ मात्र नाही. त्याला टेगवेननंच सकाळी फोन करून बोलावलं होतं. टोपी हातात घेऊन तो दाराशीच थांबला.

"सांग यांना," टेगवेन म्हणाली.

"मावशी, सोडा ना आता. पाटी कोण वाचतं?"

"मी वाचते. दर गुरुवारी पुसायची मलाच आहे ती. सांग, तुझ्या बापानं काय म्हटलं होतं. आणि त्याच्यामागं चुना कोण देत होतं."

गेथिन पाळकबाईंकडे बघायला लागला. पाळकबाई पटकन म्हणाल्या, "गेथिन, तुला काही बोलायची सक्ती नाही. टेगवेन, आपलं परवा बोलणं झालं होतं यावर."

बोलणं झालं होतं खरं. संरक्षित वस्तूला परवानगीशिवाय चुना देणं हा गुन्हा आहे. एकोणनव्वदपासून तसा नियम आहे. पाळकबाईंनी परवा स्वयंपाकघरात बसून टेगवेनला समजावलं होतं: तुम्ही खरं सांगितलंत की हेंदरेचा माणूस दरवर्षी चुना देत होता, म्हणून ते तोंड वाचलं, तर गेथिनला नोटीस येईल. गप्प राहिलात तर पाटीवर एक बिननावाची बाई राहील, बस. कुणाचं काही बिघडणार नाही.

म्हणजे ज्यानं वाचवलं तो गुन्हेगार. जिनं सांगितलं तसं केलं ती अडाणी. आणि ज्यानं सांगितलं त्याचं दप्तरच सापडत नाही. अशी तिहेरी गाठ कुणा एका माणसाच्या डोक्यातून निघत नाही, त्याला ऑफिसच लागतं.

टेगवेन रात्रभर त्यावर विचार करून आली होती. गेथिनला तिनं फोनवर ते सगळं सांगितलंही होतं, नोटिशीसकट. यायचं तर ये, नाहीतर नको, मी रागावणार नाही, असं म्हणाली होती. आणि तो आला होता.

गेथिननं टोपी खिडकीत ठेवली. कुंडापाशी गेला. आता मोकळ्या झालेल्या त्या तोंडाकडे बघितलं नाही, नुसता हात पुढं केला, बोटं कपाळावरून नाकावर, नाकावरून ओठावर नेली, जसा अंधारात माणूस आपल्या घरातला दिवा शोधतो.

"मी ह्याला कधी बघितलंच नव्हतं," तो म्हणाला. "आम्ही कुणीच नव्हतं बघितलं. बाबा म्हणायचे, नाक माझ्यासारखं आहे." मग तो ट्रेहार्नकडे वळला. "बाबांनी नाही म्हटलं होतं. मावशीचा हात पोचला नाही असं काही नाही. तिचा हात पोचला असता. तिनं घातला नाही, कारण आम्ही नाही म्हटलं. आणि चुना दोन हजार चारपर्यंत त्यांनी दिला. त्यानंतर मी. गेल्या ईस्टरलाही. लिहून घ्या."

"मिस्टर हेंदरे—"

"हेंदरे वाडीचं नाव आहे. माझं आडनाव रीस. नोटिशीवर बरोबर घाला."

टेगवेनला हसू आलं. बोलला की नाही शेवटी बापासारखं.

ट्रेहार्ननी ड्रिल बाकावर ठेवलं. कपाळ चोळलं. ते शहाऐंशी साली शाळेत असतील, टेगवेनसारख्याच कुणाच्या हातचा रस्सा खात असतील. "हे मी ऐकलं नाही असं समजतो," ते गेथिनला म्हणाले, आणि खरंच मनापासून म्हणाले. "आणि पाटी मी बदलून आणतो. माझ्या अखत्यारीत तेवढं आहे. 'सफाई करणाऱ्या महिलेने' काढून टाकू. 'भूतकाळातील अयोग्य हाताळणीमुळे सात मुखे नष्ट झाली.' कुणावरच ठपका नाही. चालेल?"

पाळकबाईंनी सुटकेचा श्वास सोडला. "फार चांगलं. टेगवेन? चांगलं आहे ना?"

चांगलं होतं. कुणीही हो म्हटलं असतं. टेगवेननंही म्हणायला तोंड उघडलं होतं. बहात्तर वर्षांत साहेबानं अर्धं पाऊल मागं घेतल्यावर आपण पूर्ण दोन पावलं मागं जायचं, हेच तिच्या अंगवळणी पडलं होतं.

"नाही," ती म्हणाली.

"नाही?"

"भूतकाळाला हात नसतात, साहेब. हात माझे होते." तिनं ते पुढं केले. सांधे सुजलेले, नखं आखूड कापलेली. "सात तोंडं ह्या हातांनी गेली. माझ्या आईचं, माझ्या बापाचं तोंड मी घासलं. माझं नाव घाला पाटीवर. टेगवेन प्यू, स्वयंपाकीण, हिनं घासली. मी नाकारत नाही. पण त्याच्या वरच्या ओळीत तिला कुणी सांगितलं ते घाला. आणि खालच्या ओळीत इडवाल रीस, हेंदरे, यानं नाही म्हटलं, ते घाला. तीन ओळी. दोन्ही भाषांत मावतील."

"त्याला पुरावा लागेल. तुम्ही लेखी अर्ज द्या. अठ्ठावीस कामाच्या दिवसांत उत्तर—"

"मी लिहिलंय. चार वेळा लिहिलंय."

ती चालत गेली आणि ड्रिलसाठी पेन्सिलीनं चार खुणा केल्या होत्या तिथं भिंतीला पाठ लावून उभी राहिली. भिंत ओली होती. एप्रनमधून गारवा पाठीला लागला. बाहेर कुणीतरी मोटार सुरू करून बंद केली. गेथिन तिच्या शेजारी येऊन उभा राहिला नाही. त्यानं समोरच्या बाकावर बसून घेतलं आणि लांब हात गुडघ्यांवर ठेवले, सभेला बसल्यासारखे. थोड्या वेळानं पाळकबाईही बसल्या. त्यांची पुढच्या चर्चची वेळ टळून गेली होती.

"मिसेस प्यू, मी एकटा काय उत्तर देणार?"

"तुम्ही एकटे नाही आहात. तुमच्या सदऱ्यावर चिन्ह आहे, पाटीवरही तेच आहे. फोन करा. तुमच्या वरच्याला करा, त्याच्या वरच्याला करा. मला घाई नाही, आज गुरुवार आहे, मी इथंच असते." तिनं चष्मा काढून एप्रनला पुसला आणि परत घातला. "सही कुणाची होती त्या पत्रावर? ते रोगण कुणी पाठवलं? मोटारीतून उतरून दारातूनच 'पूर्ण' कुणी लिहिलं? मला नाव पाहिजे. माझ्यावर लिहायला तुम्हाला पुरावा लागला नाही. त्याचं सांगा. कोण होता तो?"